फणसाच्या चिकाने अडकलेला घडीचा चाकू: खोलण्याच्या आणि जोडण्याच्या नोंदी

2 जून

चाकू घडीचा, स्क्रूने जोडलेला, चिनी बनावटीचा. पातं साडेआठ सेंटिमीटर, डी2 पोलादाचं. मूठ काळ्या जी10ची, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीच्या थरांची. लॉक लायनर प्रकारचा: पातं पूर्ण उघडलं की मुठीतली पोलादी पट्टी आत सरकते, पात्याच्या बुडामागे उभी राहते आणि पातं मिटू देत नाही. वाडीत सुंभ तोडायला, खताच्या गोणी उघडायला हा रोज खिशात असतो. एप्रिल-मेमध्ये फणसही याच्यावरच झाले. फोडायला कोयता, पण मधली पाव, म्हणजे गाभ्याचा दांडा, सोडवायला छोटं पातंच हाताला बरं पडतं.

खोलल्यावर लक्षणं पुसली जातात, म्हणून दोष आधीच लिहून ठेवतो. पातं अंगठ्याने अर्ध्यावर येतं, पुढे दुसऱ्या हाताने ओढावं लागतं. पूर्ण उघडताना 'टक' असा आवाज यायचा, तो बंद झालाय. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम कडेवर टेकते. पात्याच्या पाठीवर जरा दाब दिला की ती सटकते आणि धार बोटांकडे येते. जड चालणारा चाकू चालवून घेता येतो, सटकणारा लॉक नाही. आजपासून चाकू कामाला बंद.

3 जून

न खोलता जमतंय का ते पाहिलं. पातं फिरतं त्या स्क्रूपाशी (पुढे त्याला पिव्होट म्हणतो) शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडले आणि पातं उघड-मीट करत राहिलो. काळं तेल बाहेर आलं, चाल थोडी हलकी झाली. संध्याकाळी पुन्हा होतं तसं. मग केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट सोडून पाहिलं. वाळलेल्या फणसाच्या चिकावर त्याचा काही परिणाम होत नाही. मळ निघतो, चीक जागेवरच राहतो.

शेजारच्या काकांनी गरम पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलं. ते केलं नाही. डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण कार्बन दीड टक्का. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला कमी उरतं. हे पोलाद स्टेनलेस समजून वागवू नये. जूनच्या दमट हवेत वॉशरखाली शिरलेलं पाणी वाळायला वाव नसतो.

खोलायचं ठरलं.

5 जून

चिपळूणहून बिट आणले. अशा चाकूंना बहुतेक दोन मापं लागतात: क्लिपला (खिशाला अडकवायच्या पट्टीला) आणि मुठीला टी6, पिव्होटला टी8. सहा पाकळ्यांची खाच असते. टी6 टोकापासून टोकापर्यंत सुमारे 1.75 मिलिमीटर, म्हणजे चुकीला जागाच नाही. एखादी बारीक ॲलन चावी त्यात शिरते आणि बसल्यासारखी वाटते. ती कटाक्षाने टाळावी, पाकळ्या खाऊन टाकते. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातले बिटही मऊ पोलादाचे असतात, इथे ते स्वतःच पिळवटतात. चांगल्या पोलादाचे सुटे बिट आणि हँडल मिळून 380 रुपये पडले.

पात्याच्या धारेवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले. खोलताना पातं अचानक सुटतं, आणि तेव्हा हात कुठे असेल ते सांगता येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पांढऱ्या कागदावर चाकूचा आकार आखला. जो स्क्रू निघेल तो कागदावर त्याच्याच जागी ठेवायचा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो आत पट्टीला जाऊन टेकतो.

क्लिपचे तीन स्क्रू. दोन निघाले. तिसऱ्यात बिट पुरता बसला नव्हता, जोर लावला आणि डोक्याच्या पाकळ्या गोल झाल्या. भिंगातून पाहिलं तेव्हा कारण कळलं: खाचेच्या तळाशी चीक आणि माती दगडासारखी घट्ट बसली होती, त्यामुळे बिट अर्ध्याच खोलीत टेकत होता. बाकीच्या स्क्रूंच्या खाचा मग सुईने कोरून, तेल लावून, कापसाने पुसून काढल्या. चिकाचा असा पापुद्रा अख्खा सुटून येतो, गडद तपकिरी आणि रबरासारखा ताणला जाणारा. या कामात दुपार गेली, पण नंतर एकही डोकं खराब झालं नाही. खाच आधी कोरा, बिट सरळ उभा धरा, खाली दाबा आणि मगच फिरवा.

6 जून

सकाळपासून पाऊस, लाईट नाही. स्क्रू तापवायची सोल्डरिंग गन चालवता येत नसल्याने काम थांबलं.

7 जून

मुठीचे सहा स्क्रू, दोन्ही अंगांनी तीन-तीन, मधल्या तीन छोट्या खांबांत बसणारे. कारखान्यात यांच्या आट्यांना गोंद लावलेला असतो, आणि तो लावणारा हात सढळ असतो. थंड स्थितीत एकही हलेना. 25 वॅटच्या सोल्डरिंग गनचं टोक (गन घरचीच, खर्च नाही) स्क्रूच्या डोक्यावर 20 ते 30 सेकंद टेकवलं, उचललं आणि लगेच बिट लावून फिरवलं. करकरत सुटले. निळा गोंद तापला की नरमतो, म्हणून स्क्रू गरम असतानाच फिरवायचा. गार झाल्यावर पुन्हा तापवावं लागतं.

यासाठी गॅसची शेगडी किंवा लायटर अजिबात वापरू नये. ज्योत पसरते, जी10 करपतं, आणि पात्याला जास्त उष्णता लागली तर पोलादाचं पाणी उतरतं. मग धार धरत नाही. सोल्डरिंग गनची उष्णता स्क्रूपुरती राहते. मुठीला जळका वास यायला लागला तर टोक उचला.

एका जागी वेगळीच अडचण आली. स्क्रूबरोबर मधला खांबही फिरायला लागला, त्यामुळे तो कितीही फिरवला तरी सुटेना. पलीकडच्या बाजूने दुसरा टी6 लावून खांब अडवला आणि अलीकडून फिरवलं. हँडल एकच असल्याने दुसरा बिट पकडीत धरावा लागला. तेव्हा टी6 दोन घ्या.

गोल झालेला क्लिपचा स्क्रू सोडून देता आला नाही, कारण मुठीचा एक स्क्रू क्लिपच्याच खाली आहे. त्याच्या डोक्यावर सुईसारख्या बारीक कानशीने आडवी चीर पाडली, तापवला आणि चष्म्याच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढला. निघाला, पण कामातून गेला. एम2 मापाचा, 4 मिलिमीटर लांब. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे एवढा बारीक स्क्रू नाही. ऑनलाइन मागवला, पाकीटभराचे 120 रुपये पडले.

8 जून

चाकू खोलला.

पिव्होट एका बाजूनेच फिरवायचा. पलीकडचं टोक मुठीत डीसारख्या चपट्या आकारात बसलेलं असतं, ते फिरू नये म्हणूनच. तिथे बिट लावून जोर केला तर मुठीतली जागा झिजते. पिव्होट निघाल्यावर वरची मूठ आणि तिच्याखालची पट्टी हाताने उचलायची, स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायची नाही. ताट खाली ठेवूनच बसावं. पातं अडवणारी आडवी छोटी कांडी (स्टॉप पिन) या चाकूत मोकळी आहे, मूठ उचलताच ती घरंगळली. ताटात पडली म्हणून मिळाली.

आतलं दृश्य जसं होतं तसं लिहितो. पात्याच्या दोन्ही अंगांना कागदासारखे पातळ फॉस्फर ब्राँझचे वॉशर. ते सोनेरी दिसायला हवेत, हे काळपट तपकिरी होते. क्लिपच्या बाजूचा वॉशर पट्टीला असा चिकटला होता की नखाने सुटेना. त्याच्यावर चिकाची पातळ साय धरली होती आणि तिच्यात बारीक वाळूचे कण रुतले होते. चाल जड होण्याचं कारण हेच.

पण लॉक सटकण्याचं कारण वॉशरमध्ये नव्हतं. ते स्टॉप पिनवर सापडलं. पातं उघडून जिथे पिनला टेकतं तिथे, पिनवरही आणि पात्याच्या बुडावरही, चिकाचा थर दाबून दाबून कडक झाला होता. जाडी असेल दोन-चार कागदांइतकी. तेवढ्या थरामुळे पातं शेवटचा अंश उघडतच नव्हतं, म्हणून लॉकच्या पट्टीला आत यायला जागा मिळत नव्हती आणि ती कडेवरच थांबायची. शिवाय पट्टीच्या टेकायच्या तोंडावर 3 तारखेचं माझं तेल पोहोचलं होतं. कडेवरची पकड आणि वर तेल.

याचा अर्थ ज्यांचा चाकू फक्त लॉकमुळे अडलाय त्यांनी आधी खोलू नये. पातं अर्धं उघडून, मुठीच्या फटीतून स्टॉप पिनभोवती खोबरेल लावलेली टूथपिक फिरवा आणि थर खरवडून बाहेर काढा. बऱ्याच वेळा एवढ्याने भागेल. चाल जड असेल तरच पुढचा खटाटोप.

लॉकच्या पट्टीवर आतल्या अंगाला एक बारीक छर्रा बसवलेला असतो. मिटलेलं पातं खिशात आपोआप उघडू नये म्हणून तो पात्यावरच्या छोट्या खळगीत बसतो. खळगीही भरली होती.

9 आणि 10 जून

साफसफाई. चिकावर तेलच चालतं, हे फणस कापणाऱ्या कोणालाही सांगायला नको. हाताला, पात्याला खोबरेल लावल्याशिवाय फणसाला कोण हात लावतं? वाळलेल्या चिकाला मात्र वेळ द्यावा लागतो. पातं, पट्ट्या, वॉशर, पिन असे सगळे धातूचे भाग खोबरेल चोपडून रात्रभर वाटीत ठेवले. सकाळी चीक फुगून सैल झाला होता, टूथपिकने आणि जुन्या टूथब्रशने निघाला. उरलेल्या पातळ थराला रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन लागलं (90 रुपये, खिडकी उघडी ठेवून, आसपास आग नाही). शेवटी साबणाचं पाणी, लगेच कोरड्या फडक्याने पुसणं आणि टेबलफॅनखाली पूर्ण वाळवणं. खोबरेल आत राहू द्यायचं नाही. थंडीत ते थिजतं आणि कालांतराने खवट होतं.

जी10च्या मुठीला टर्पेंटाइन लावलं नाही, साबण आणि ब्रश पुरे झाले. मुठीला पॉलिशपेपर मारायचा मोह झाला तरी मारू नका. ती धूळ म्हणजे काचतंतूंची धूळ, छातीत जाते.

वॉशर 2000 नंबरच्या पॉलिशपेपरवर, पेपर काचेवर सपाट ठेवून, एका बोटाने हलके गोल फिरवले. सोनेरी रंग परत आला आणि दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या. जास्त घासायचं नाही. वॉशर पातळ झाला तर पातं आडवं हलायला लागतं आणि बदली वॉशर मिळणं कठीण.

चिकाखालचा भाग दिसला तेव्हा वाईट वाटलं. पात्याच्या बुडाला, बरोबर वॉशरच्या कडेने, गंजाची अर्धगोल रेघ उमटली होती. बारीक स्टीलवूल आणि तेलाने वरचा गंज गेला. खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले. ते घासून घालवायचे तर बुडाची जाडी कमी होईल, म्हणून राहू दिले. ती जागा वॉशरच्या चालीबाहेर आहे. लॉकची पट्टी जिथे टेकते तो पात्याचा तिरपा भाग फक्त टर्पेंटाइनने पुसला. तिथे पॉलिशपेपर, कानस काहीही लावायचं नाही, कारण त्या तिरकसपणावरच लॉकची पकड अवलंबून आहे.

11 जून

जोडणी. खालची मूठ, तिच्यावर पट्टी, पिव्होटची नळी, वॉशर, पातं, वॉशर, स्टॉप पिन, खांब, वरची पट्टी आणि मूठ. वॉशर जागेवर राहावा म्हणून त्याला तेलाचा एक थेंब लावला की तो पात्याला चिकटून राहतो. पातं अर्धं उघडं ठेवून जोडलं तर लॉकची पट्टी मध्ये येत नाही.

स्क्रू कसण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळे स्क्रू हाताने सैल बसवायचे. मग पिव्होट पातं आडवं हलणार नाही इतपत, आणि पातं मिटून मुठीचे स्क्रू थोडे थोडे, समोरासमोर. एक बाजू आधी घट्ट केली की मिटलेलं पातं एका पट्टीकडे झुकतं.

स्क्रू पुन्हा सैल होऊ नयेत म्हणून निळा लॉकटाइट 243 घेतला, 10 मिलीची बाटली 410 रुपयांना. एवढ्या बारीक स्क्रूंना खरं तर जांभळा 222 योग्य, त्याची पकड सौम्य असते. तो इथे मिळाला नाही. लाल तर नकोच, तो पुढच्या वेळी स्क्रू काढू देत नाही. पिव्होटच्या आट्यांना थेंब लावला, कसला, चाल झकास होती. चाकू टेबलावर ठेवून झोपलो.

12 जून

पातं हलेना. हा गोंद हवा लागत नाही तिथे, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. थेंब जास्त झाला होता, जादा गोंद नळीतून वॉशरपर्यंत गेला आणि रात्रीत तिथेच धरला. पुन्हा टेप, पुन्हा सोल्डरिंग गन, पुन्हा सगळं खोलणं. वॉशरवर आणि नळीवर गोंदाचे पांढरट कण होते, ते प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडले आणि ॲसिटोनने पुसले. एक आख्खा दिवस यात गेला.

योग्य पद्धत ही: गोंद बाटलीतून थेट लावायचा नाही. टूथपिकच्या टोकावर घ्यायचा, आट्यांच्या फक्त शेवटच्या दोन-तीन वेढ्यांना बोट लावल्याइतका फासायचा. आटे आधी तेलमुक्त केलेले बरे, म्हणजे गोंद नीट धरतो. कसून झाल्यावर पहिली 15 मिनिटं पातं अधूनमधून उघड-मीट करत राहायचं, गोंद आत झिरपलाच तर तेव्हाच कळतं. 24 तासांनी पूर्ण पकड येते, तोवर कामाला काढायचा नाही. मुठीच्या सहा स्क्रूंना या वेळी गोंद लावलाच नाही. ते कामात फिरत नाहीत, आणि पुढच्या सफाईला सोपे पडतील.

14 जून

तपासणी. आता पातं अंगठ्याच्या एका ढकलीत उघडतं आणि 'टक' आवाज परत आला. मिटलेलं पातं दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध नाही, किंचित क्लिपकडे झुकलंय, पण घासत नाही. ते सोडून दिलं.

लॉक तपासताना जाड कातडी हातमोजा घातला आणि बोटं धारेच्या वाटेबाहेर ठेवली. आधी नजरेने: पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापते. मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू दाब वाढवला. हलली नाही. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासणारे लोक आहेत, तसं करू नये, त्याने पट्टीच्या तोंडाला मार बसतो आणि चांगला लॉकही बिघडतो. वर-खाली हालचाल शून्य, आडवी हालचाल नाही.

तेल: पिव्होटला शिवणयंत्राचं एकच थेंब, तेही दोन्ही वॉशरना वाटून. लॉकच्या तोंडावर काही नाही, कोरडं. पात्यावर लिक्विड पॅराफिनचा हात, केमिस्टकडे मिळतं आणि खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. गंजविरोधी स्प्रे पाणी हटवायला चांगला, पण उडून जातो, पिव्होटमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आतापर्यंत रोख खर्च हजार रुपये. बिट पुन्हा वापरता येतील, गोंद वर्षभर पुरेल.

27 जून

शेवटचे दोन फणस काढले, दोन्ही बरके, भरपूर चिकाचे. कापायच्या आधी पातं उघडून त्याच्या बुडाला आणि मुठीच्या तोंडाशी फटीत लिक्विड पॅराफिनचं बोट फिरवलं, लॉकच्या बाजूला जपून. काम संपल्यावर चीक ओला असतानाच फडक्याने पुसला, टूथपिकने स्टॉप पिनभोवती फिरवलं, लॉकचं तोंड कोरडं पुसलं, आणि मगच पातं मिटलं. पाच मिनिटांचं काम. आज पुन्हा दाब देऊन पाहिला, लॉक जागेवर आहे.

एक बारीक गोष्ट निघाली: पिव्होट किंचित सैल झालाय, पातं आडवं केसभर हलतं. नवे घासलेले वॉशर बसल्यावर असं होणारच. स्क्रू वेढ्याच्या आठव्या भागाइतका फिरवून कसला. गोंदाची पकड त्यात मोडली असणार, म्हणून पावसाळ्यानंतर पिव्होट काढून नव्याने लावावा लागेल. तेव्हाच गंजाचे खड्डे वाढलेत का तेही पाहीन. क्लिपचा नवा स्क्रू आला, पण डोकं जाड निघालं आणि क्लिपवर उभं राहतं. तूर्त क्लिप दोनच स्क्रूंवर आहे.

ज्यांच्याकडे स्क्रूंऐवजी रिव्हेटने ठोकलेला चाकू आहे त्यांना यातलं खोलण्याचं काहीच लागू नाही. रिव्हेट काढू नका, रात्रभर तेल आणि टूथपिक एवढ्यावरच भागवा.